सकाळचे निरोगी, दुपारचे आजारी

सोमवार, ३ मार्च

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आज लिहिलं : 'अभ्यासास प्रारंभ. ब्लॉक क्रमांक १ ते ४.' तिथे याहून जास्त लिहायची सोय नाही, म्हणून ही दुसरी वही. इथे खरं लिहीन. निदान तसा प्रयत्न करीन.

विभागप्रमुख सरांनी सकाळी सगळ्यांना बसवून पाऊण तास मनगट समजावून सांगितलं. याआधी मनगट कुणी पाहिलेलंच नाही, अशा थाटात. मुद्दा दोन मिनिटांचा होता. मनगटात हाडांचा आणि वरून एका जाड पट्ट्याचा बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. दाटी वाढली की मज्जातंतू दबतो आणि अंगठ्याकडची बोटं बधिर होतात. हा कार्पल टनेल सिंड्रोम. आम्हाला बघायचंय ते कंडरांभोवतीचं मऊ अस्तर. या आजारात त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती किती जाड होतात, अस्तर किती घट्ट, तंतुमय होतं. चाळीस आजारी मनगटांतले तुकडे, आणि तुलनेला चाळीस निरोगी, म्हणजे मनगट मोडलं म्हणून शस्त्रक्रिया झालेल्यांचे.

तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचे, मायक्रोटोमचं चाक हाताने फिरवून त्यांचे पाच मायक्रॉनचे पापुद्रे कापायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, हे माझं काम. बावीस वर्षं तेच करतेय. एका केसाच्या जाडीत माझे चौदा पापुद्रे बसतात. हे मी चारचौघांत सांगत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही.

गोंधळ नको म्हणून मी एक नियम सुचवला. निरोगी ब्लॉक सकाळी कापायचे, आजारी जेवणानंतर. टेबलावर एका वेळी एकाच जातीचे ब्लॉक, म्हणजे अदलाबदलीचा प्रश्नच नाही. सर म्हणाले, "बघा, याला शिस्त म्हणतात." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला आवडलं. आवडायला नको होतं का, याचा विचार घरी येईपर्यंत केला.

मंगळवार, ११ मार्च

मोजणी एक तरुण डॉक्टर करते. तिला आम्ही मोजणीबाई म्हणतो, तिच्या तोंडावरसुद्धा. कुठली स्लाइड कुणाची हे तिला कळू नये म्हणून पाकिटावर फक्त सांकेतिक आकडा असतो. सर याला 'डोळ्यांवर पट्टी' म्हणतात आणि दिवसातून तीनदा म्हणतात.

रंगवलेल्या स्लाइड मी एकदा बघून घेते. आजारी अस्तर बघताना वाईट वाटतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती कांद्यासारख्या थरावर थर चढवून बसलेल्या, मधलं भोक टाचणीएवढं. गंमत म्हणजे दाह म्हणावा तर दाहाच्या पेशी जवळजवळ नाहीत. काही पेटलेलं नाही, काही सडलेलं नाही. नुसतं हळूहळू घट्ट होत गेलंय. एका रुग्णाच्या कागदावर लिहिलं होतं, 'त्रास तीन वर्षे'. तीन वर्षं माणूस करतो काय? स्वतःच्या हाताकडे बघत नाही?

ब्लॉक कापण्याआधी बर्फाच्या ट्रेवर गार करावे लागतात. त्यामुळे दुपारी माझा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. करंगळीला काही होत नाही. तिचा बर्फाशी संबंध येत नसावा.

बुधवार, १९ मार्च

नवं पेन आणलं. हे तिसरं. पहिलं जाड होतं, दुसरं निसटायचं. पेन करणाऱ्यांना आता कामाची लाज राहिलेली नाही.

ब्लॉक धरणाऱ्या चिमट्याचा स्क्रूही जड झालाय. शेवटचा अर्धा फेरा फिरता फिरत नाही. तेल घातलं.

मोजणीबाई म्हणाली, "ताई, तुम्ही सारखा हात का झटकता? थर्मामीटर उतरवल्यासारखा?"

मी म्हटलं, "बर्फ."

ती म्हणाली, "आज तर ट्रेमध्ये बर्फच नव्हता. मशीन बंद आहे ना कालपासून."

मी म्हटलं, "सवय लागली असेल." हे उत्तर मला स्वतःलाही पटलं नाही, पण तिला पटलं. लहान आहे अजून.

बुधवार, २ एप्रिल

वन्सं चार दिवस राहायला आल्यात. नवऱ्याची थोरली बहीण. तीस वर्षं शिलाईचं काम केलं, दोन्ही मनगटांची शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून शरीरशास्त्रातल्या सर्व प्रश्नांवर त्यांचं मत असतं.

आज लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना. मी फडकं घेतलं, उलटी करून ठोकली. नवरा म्हणाला, "आण इकडे. गेले दोन महिने घरातली झाकणं मीच उघडतोय." वन्संनी त्याच्याआधी बरणी घेतली, उघडली, खाली ठेवली.

"वहिनी, पहाटे हात मुंग्या येऊन जागं करतो का?"

"उशीखाली जातो म्हणून."

"फोन कानाला लावला की?"

"फोन जड आहे."

"कपाचा कान सुटतो?"

"वन्सं, मी रोज हाच आजार बघते. चाळीस मनगटं माझ्या हाताखालून चाललीत. मला कळणार नाही?"

"तुम्ही काचेवर बघता," त्या म्हणाल्या. "मला काच लागली नाही. कात्री पडली पायावर, तेव्हा कळलं."

नवरा हसला. मी हसले नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवते. त्यांना उत्तर देताना मी दोन्ही हात पदराआड घेतले होते. का, ते सांगता येत नाही. गारवा असेल.

बुधवार, ९ एप्रिल

निम्मे ब्लॉक झाले. सरांनी संकेत उघडून अर्धी बेरीज करून पाहिली. मध्येच बघायची नसते, पण सरांना राहवत नाही. आजारी मनगटांतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती निरोगींपेक्षा जवळजवळ दुपटीने जाड. तंतूंचा दाटपणाही तसाच. इतर अभ्यासांतही फरक आलाय, पण इतका नाही. सर खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. आमच्या खोलीत ते तीन पावलांचं अंतर आहे, म्हणून दोनदा गेले.

"परिषदेत हे मांडलं की लोक बघत राहतील," ते म्हणाले. "आणि कुणाला बोट ठेवायला जागा नाही. मोजणारीच्या डोळ्यांवर पट्टी."

मग माझ्याकडे वळून : "बाई, लेखकांच्या यादीत तुमचंही नाव घालू या."

बावीस वर्षांत हे पहिल्यांदा. घरी येऊन कागदावर नाव लिहून पाहिलं. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, शेवटून दुसरं. अक्षर वाईट आलं. पेन.

गुरुवार, २४ एप्रिल

आज सकाळी अग्निशमनाचं प्रात्यक्षिक होतं. दोन तास सगळ्यांना आवारात उभं केलं. सकाळचे पाच निरोगी ब्लॉक राहिले, ते जेवणानंतर कापले, आणि आजारी उद्यावर ढकलले. नियम मोडला. नोंदवहीत कारणासह लिहिलं. टेबलावर एकच जात होती, त्यामुळे अदलाबदल झालेली नाही, हे तीनदा तपासलं.

मंगळवार, ६ मे

सगळी मोजणी संपली. सरांनी संकेत पूर्ण उघडले. पाच निरोगी स्लाइड मोजणीबाईने आजाऱ्यांइतक्या जाड मोजल्यात. बाकी पस्तीस शहाण्यासारख्या पातळ.

"ताई, मी पुन्हा मोजल्या," ती म्हणाली. चेहरा पडला होता. "तेवढंच येतंय."

सरांनी मिनिटभर विचार केला. जास्त नाही. "म्हणजे या पाच जणांना आजार होता. त्यांना माहीत नसेल. असतात अशी माणसं. यांना वगळा."

पाच माणसं मनगट मोडून आली होती, शस्त्रक्रिया करून, प्लास्टर घालून घरी गेली. आज त्यांच्या नकळत त्यांना आणखी एक आजार झाला, आणि लगेच त्यांचं नाव कटलंही.

मी यादी पाहिली. पाचही २४ एप्रिलचे. सरांना बोलले नाही. आधी स्वतः बघते.

बुधवार, ७ मे

पस्तिसांतला एक निरोगी ब्लॉक घेतला. सकाळी साडेनऊला त्यातून एक स्लाइड कापली, दुपारी साडेतीनला एक. तोच ब्लॉक, तोच चाकू, जाडी ठरवणाऱ्या चकतीवर तेच पाच मायक्रॉन. एकाच वेळी रंगवल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

सकाळची पारदर्शक, गुलाबी, नेटकी. दुपारची गडद. एक पापुद्रा जाड, पुढचा पातळ, मग पुन्हा जाड. जाड पापुद्र्यात भिंतीवर भिंत दिसते, तंतू दाटलेले दिसतात. भल्या माणसाचं निरोगी अस्तर, आणि माझ्या दुपारने त्याला तीन वर्षांचा त्रास दिलाय.

यंत्रदुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने चिमट्याचा स्क्रू दोन बोटांनी फिरवला. शेवटचा अर्धा फेराही फिरला, अगदी सहज.

"मॅडम, यंत्राला काही झालेलं नाही. तुम्ही घट्ट करत नाही. ब्लॉक हलतो, मग जाड-बारीक येणारच."

"मी पूर्ण घट्ट करते."

"करा बघू."

केला. त्याने माझ्या हातावर हात ठेवून स्क्रू आणखी अर्धा फेरा फिरवला, पाना पिशवीत टाकला आणि गेला.

तर मग असं. सकाळी माझा हात निरोगी असतो म्हणून निरोगी ब्लॉक निरोगी दिसतात. दुपारी माझा हात आजारी असतो म्हणून आजारी ब्लॉक अधिकच आजारी दिसतात. पट्टी मोजणीबाईच्या डोळ्यांवर होती. माझ्या हाताला कुणी काही विचारलं नाही. आणि ही सगळी व्यवस्था माझी, शिस्त म्हणून मिरवलेली. निष्काळजी बाई असते, ब्लॉक कसेही उचलून कापत बसली असती, तर अभ्यास वाचला असता.

शुक्रवार, ९ मे

हाताच्या डॉक्टरांकडे गेले. तेच, जे आम्हाला तुकडे पाठवतात. त्यांनी दोन्ही मनगटं दुमडून धरायला लावली. एक मिनिट म्हणाले होते, मी वीस सेकंदांत हात सोडला आणि झटकला. ते म्हणाले, "हे झटकणं कधीपासून?"

"जानेवारी. किंवा दिवाणखान्यातलं कपाट रंगवलं तेव्हापासून. म्हणजे गेल्या वर्षी."

"तुम्ही तर याच विषयावर काम करताय ना?" ते हसले नाहीत, पण फार मेहनतीने हसले नाहीत.

उजव्याची शस्त्रक्रिया ठरली. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू थोडा बसलाय म्हणाले. तेव्हा कुठे मी दोन्ही तळहात शेजारी धरून पाहिले. एखाद्या उशीतला कापूस काढून घ्यावा तसा उजवा दिसत होता. रोज त्याच हाताने वेणी घालते.

जाताना त्यांनी विचारलं, "अस्तराचा छोटा तुकडा अभ्यासासाठी घेऊ का? संमतिपत्र आहे." मी संमतिपत्र पूर्ण वाचलं. दोन चुका निघाल्या, त्या दाखवल्या. मग सही केली आणि म्हटलं, माझा ब्लॉक कृपा करून सकाळी कापा.

गुरुवार, १५ मे

सरांना सांगितलं. दोन स्लाइड पुढे ठेवल्या, यंत्रदुरुस्तीवाल्याचं म्हणणं सांगितलं, हाताचा अहवाल दिला. ऐंशीच्या ऐंशी ब्लॉक पुन्हा, दुसऱ्या कुणीतरी, सरमिसळ क्रमाने कापले पाहिजेत, असं म्हटलं.

सरांनी अहवाल वाचला. स्लाइड उजेडाला धरल्या. मग दार लावून घेतलं.

"बाई, परिषद चार आठवड्यांवर आहे. तुम्हाला कुणी काही विचारलंय का?"

"नाही."

"मग?"

मी दोन्ही स्लाइड पुन्हा त्यांच्यापुढे सरकवल्या.

"एका ब्लॉकवरून तुम्ही ऐंशींना बाद करताय," ते म्हणाले. "चकती पाचवर होती, वहीत पाच लिहिलंय, तुमची सही आहे. आणि विचार करा, उद्या हे लिहून दिलंत तर तुम्हाला त्या चाकावर बसू कोण देईल? शिवाय तुमचं नाव आहे लेखात. आपल्याच लेखावर शाई ओतायची?"

सर वाईट नाहीत. आवाजही चढवला नाही. चहा मागवला. मी तो डाव्या हाताने प्यायले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नाव गेलं तर गेलं, पण चाक सोडशील? रविवारी भाजी चिरतानासुद्धा तू जाडीवरून माझ्याशी भांडतेस." हे खरं आहे. चाक गेलं की माझ्याकडे काय राहतं, ते मला माहीत नाही. आणि मी हे सत्यासाठी करतेय की माझ्या जाड पापुद्र्यांवर कुणी लेख लिहू नये म्हणून, हेही नीट सांगता येत नाही. बहुधा दुसरंच.

सोमवार, १९ मे

आमच्या नोंदवहीत खोडायचं नसतं. दुरुस्ती करायची तर ओळीवर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी कारण, आणि सही. वही प्रयोगशाळेची आहे, सरांची नाही. कुठल्याही प्रकाशनाबरोबर तिची प्रत संस्थेच्या संशोधन समितीकडे जाते.

जेवणानंतर वही घेऊन बसले. दुपारी कापलेल्या पंचेचाळीस ओळी. चाळीस आजारी, पाच निरोगी. प्रत्येकीवर 'जाडी ५' वर रेघ मारली आणि लिहिलं : 'जाडी अनिश्चित. कापणाऱ्याचा हात बधिर.' आणि सही. दीड तास लागला. आपण हात झटकतोय हे पहिल्यांदाच मला कळत होतं.

पाच वाजता सर आले. पान उलटत गेले. पहिली सही माझीच होती, वळणदार. दहाव्या ओळीला आडनावाचं शेपूट गेलं. पंचविसाव्याला आद्याक्षरं एकमेकांवर पडली. शेवटची सही म्हणजे पावसात सोडलेल्या मुंगीसारखी रेघ होती.

"ही तुमची सही नाही," सर म्हणाले. "ही चालणार नाही."

"माझीच आहे सर. दीड तासात इतकी झाली. मी दुपारी चार-चार तास कापत होते."

त्यांनी बोटाने पहिल्या सहीपासून शेवटच्या सहीपर्यंत खाली रेघ ओढली. मोजणीबाई दारात उभी होती. तिने ते पाहिलं. सरांनी, तिने पाहिलंय, हे पाहिलं. सर हुशार आहेत. वही मिटून म्हणाले, "परिषदेला कळवावं लागेल."

मंगळवार, २७ मे

डाव्या हाताने लिहितेय. उजवा पट्टीत. फार लिहिता येत नाही.

ऐंशी ब्लॉक पुन्हा कापायचे म्हणून मोजणीबाई कापायला शिकतेय. मी शेजारी स्टुलावर. पापुद्रे एकमेकांना चिकटून जी पट्टी येते, ती रिबन, तिची पहिलीच तिसऱ्या पापुद्र्यावर तुटली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही किती दिवसांत शिकलात?" मी म्हटलं, दोन वर्षं. खोटं. सात महिने.

वन्संचा फोन आला. "झाली का सुटका?" त्यांनी 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. थांबल्या मात्र, मला म्हणायला जागा मिळावी म्हणून. मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." त्या म्हणाल्या, "ते जाऊ दे. झोप लागते का?" लागते. सात तास. किती वर्षांनी, मोजलं नाही.

सोमवार, ३० जून

ऐंशी स्लाइड सरमिसळ क्रमाने पुन्हा झाल्या. मोजणी आता दुसऱ्या विभागातल्या एका बिचाऱ्या डॉक्टरने केली. रक्तवाहिन्या आजारी मनगटांत खरंच जाड आहेत, अस्तर खरंच घट्ट आहे. पण दुपटीने नाही. चौथ्या हिश्शाने. इतरांना सापडतो तसाच.

"एवढंच?" सर म्हणाले. तरीही त्यांनी लेख सुधारून लिहिला. त्यांच्या मते आता तो 'आमच्या कठोर अंतर्गत तपासणीचा' उत्तम नमुना आहे. कठोर अंतर्गत तपासणी स्टुलावर बसून ऐकत होती.

चाकावर मला परत बसवणार नाहीत. सप्टेंबरमध्ये स्वयंचलित यंत्र येतंय. तोपर्यंत मी शिकवायचं, नंतर बघू असं ठरलंय. 'नंतर बघू' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

लेखकांच्या यादीतून माझं नाव गेलं. सर म्हणाले, आता ते बरं दिसणार नाही. मी मान हलवली. पण मसुदा मागून घेतला आणि घरी आणून वाचला. शेवटून दुसऱ्या पानावर, अभ्यासाच्या त्रुटींमध्ये, एक वाक्य आहे : 'प्रथम कापलेले पापुद्रे तंत्रज्ञाच्या हाताच्या आजारामुळे अनियमित जाडीचे आढळल्याने रद्द करण्यात आले.'

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे छापून आलीसच की. त्रुटी म्हणून."

मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, कुठे जास्त नाही, कमी नाही, जाड नाही, बारीक नाही. मग मसुदा पाकिटात घातला आणि भाजी चिरायला त्याच्या हातात सुरी दिली.